टायरच्या चपला

आण्णा,

तुझ्या चपला काल माळ्यावरून खाली काढल्या. आई विड्या वळत बसली होती. तिनं बघितलं आणि पुढचं पान कापायला घेतलं. पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेमागं सरकवलेल्या, मीच. चार वर्षांची धूळ होती. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूनं घासलेली, कारण तू डावा पाय जरा फेकून टाकायचास. उजवीचा अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला. चांभारानं ट्रकच्या टायरचा तळ मारून दिला होता आणि म्हणाला होता, वरीसभर आता हिकडं बघायचं काम न्हाय. चार महिन्यांत तू परत त्याच्यापुढं उभा. तेवढं चालायचास तू.

परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. त्याच संध्याकाळी संघटनेच्या ऑफिसातून निरोप आला. रविवारी वखारीसमोर शोकसभा घ्यायची, पत्रक मी लिहायचं. मथळाही ठरवून पाठवलाय: ‘वखारीनं घेतला धोंडिरामचा बळी’. छापखान्यात कागद कापून ठेवलाय. माझ्या हातचं पत्रक एका बैठकीत होतं हे सगळ्या निपाणीला माहीत आहे. मी दोन दिवस बसलेय आणि त्या मथळ्याखाली एक ओळ उतरत नाही. कारण तो मथळा खोटा आहे. हे तुला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही. तू सांगू शकत नाहीस, आणि होतास तेव्हा मी सांगू दिलं नाही.

म्हणून आधी तुला लिहिते. पत्रकाचं नंतर बघू.

बाबा वखारीत हमाल होते. तू त्यांचं बोट धरून जायचास, कारण शाळेनं तुला दुसऱ्या वर्षीच घरी पाठवलं होतं. याच्या डोक्यात काही शिरायचं नाही, असं मास्तरांनी आईला तुझ्यासमोरच सांगितलं. बाबा गेले तेव्हा तू सोळा वर्षांचा आणि मी बारा. पाचव्या दिवशी सकाळी तू उठलास, चपला घातल्यास आणि एकटाच वखारीत गेलास. तुला कुणी कामावर ठेवलं नाही, कुणी हाकलूनही लावलं नाही. तंबाखूची पोती हातगाडीवर लादून चढावरून वर पुणे-बेंगलोर रोडपर्यंत न्यायची, तिथं लॉरी उभी असायची. पुढं दोन हमाल ओढायला आणि मागं तू, पोत्याला कपाळ लावून. दिवसाला आठ-दहा खेपा. उतरताना गाडी रिकामी, ती मात्र तुझ्या एकट्याची. तोंडानं इंजिन चालू. मुनीम दारातून ओरडायचा, ‘वाट सोडा रं, आमची लॉरी आली.’ आणि तू दारात येऊन एअरब्रेकचा आवाज काढायचास, फुस्स. सगळी वखार हसायची. सगळ्यांत मोठ्यानं तू.

दहा वर्षं हे चाललं. त्या दहा वर्षांत तुला खोकला सोडून काही झालं नाही. पोटऱ्या दगडासारख्या. मॅट्रिकला माझा नंबर गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत आला आणि माझा पाय मुरगळलेला. तू मुनिमाला न विचारता हातगाडी घेऊन दारात आलास. मी लाजेनं मान खाली घालून बसले. भर बाजारातून इंजिनाचा आवाज काढत तू मला पेपरला नेलंस, सातही दिवस. वाटेत एकदाही दम खायला थांबला नाहीस. रोज संध्याकाळी खिशातून अर्धा बटर काढून द्यायचास. वखारीत चहात बुडवून खायला मिळालेला तो कडक पाव, अर्धा खाऊन अर्धा माझ्यासाठी. त्याला तंबाखूचा वास असायचा. मी नाक मुरडून खायची. माझा सगळा अभ्यास त्या बटरवर झालाय, आण्णा. हे तुला कधी बोलले नाही. तुला कळलं नसतं असं मला वाटायचं. तुला काय कळतं आणि काय नाही हे ठरवायचं काम मी फार लवकर हातात घेतलं.

मग मी बेळगावला कॉलेजात एक वर्ष काढलं, परत आले आणि विडी कामगारांच्या संघटनेत शिरले. तिथं मला पत्रक लिहायला शिकवलं. वाक्य एका दमात वाचता आलं पाहिजे. पहिल्या ओळीत शत्रू दिसला पाहिजे. शेवटी मागणी एकच, ठळक अक्षरात. चांगलं शिकवलं. त्यानंतर मला जिकडंतिकडं पहिली ओळच दिसायला लागली.

एकदा दुपारी पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी चढावरून येत होते. तू गाडी वर पोचवून उभा होतास, घामानं निथळत. मुनिमानं तुझ्या पाठीवर थाप मारली. बैलाच्या पाठीवर मारतात तशी. माझ्या मस्तकात सणक गेली. घरी आल्यावर मी तुला विचारलं, पगार काय देतात. तू म्हणालास, ‘बटर देत्यात.’ तुला हाक काय मारतात. ‘लॉरी,’ म्हणालास आणि हसलास. त्या हसण्याचा मला राग आला. गुलामाला गुलामी गोड वाटते, असं मी त्या आठवड्यात कुठंतरी वाचलेलं होतं.

त्याच दिवशी लिहिलं. ‘माणूस की हातगाडीचं जनावर?’ सायक्लोस्टाइलवर काढलं, शाई बोटांना लागलेली. त्यात तुझं नाव ‘श्री. धोंडिराम’ असं घातलं. गाव तुला धोंड्या म्हणायचं, आई धोंडू म्हणायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या नावामागं श्री आलं. तुला ते वाचता येत नव्हतं, पण मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा तू तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलास. त्याचा चोथा होईपर्यंत तो तिथंच होता. त्यात एक वाक्य होतं: ज्याला कळत नाही त्याला राबवणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा आहे. त्या वाक्यावर मी फार खूश होते. आणि शेवटी मागणी, एकच, ठळक: धोंडिरामला राबवणं ताबडतोब थांबवा.

हजेरीपटावर त्याचं नाव घाला, असं लिहिता आलं असतं. सगळ्या हमालांसारखा हमाल म्हणून घ्या, दुपारी त्याला सावलीत बसू द्या, नावानं हाक मारा, असं लिहिता आलं असतं. एक ओळ जास्त लागली असती. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुझ्यासारख्याला कामच असू नये, हीच तुझी सुटका, अशी माझी पक्की समजूत. मुनिमाला तू जनावर वाटत होतास. मलाही फार वेगळा वाटत नव्हतास, फक्त मला ते गोठ्यात बांधून जपायचं होतं.

वस्तीची सभा विहारासमोर झाली. ठराव मी वाचला. हात वर करा म्हटलं. सगळ्यांचे हात वर गेले, आणि सगळ्यांचे गेले म्हणून तुझेही गेले. दोन्ही. बायका हसल्या, आई पदर तोंडाला लावून हसली, तू तर हात खालीच घेईनास. मी वहीत लिहिलं, ठराव एकमतानं मंजूर. ती वही अजून आहे. तुझं काम काढून घ्यायच्या ठरावाला तुझे दोन हात आहेत आणि तुला विचारल्याची एक ओळ नाही.

वखारीनं वादच घातला नाही. मुनीम हात जोडून म्हणाला, ‘न्या बाई तुमची लॉरी.’ ती माझी पहिली जीत. ऑफिसात पेढे वाटले. पहिला तुझ्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चपला घालून दारात. आईनं हाताला धरून आत आणलं. तू सुटून गेलास, मुनिमानं वखारीच्या दारातून परत पाठवलं. ‘तुझ्या भैनीनं बंद केलंय बाबा, जा.’ तू चढाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलास आणि गाड्या वर जाताना बघत बसलास. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी मी चपला माळ्यावर टाकल्या.

मला माहीत होतं की एवढं पुरेल. बाबांनी तुला शिकवलेलं, चपलेशिवाय वखारीकडं पाय टाकायचा न्हाय, खिळे असत्यात. बाबांचा शब्द तू कधी मोडला नाहीस. तू खाटेखाली शोधलंस, चुलीमागं शोधलंस, कोंबड्यांच्या डालग्यात हात घालून बघितलंस. मग पायांकडं बोट करून मला विचारलंस, ‘माझं?’ मी म्हटलं, चांभाराकडं दिल्यात. तू मान हलवलीस. चांभाराकडं जाणं तुला पटण्यासारखं होतं. तू पायरीवर वाट बघत बसलास.

चार वर्षं बसलास.

आता मला आठवतंय की तुला सगळे एकच गोष्ट सांगायचे. आई म्हणायची, बस धोंडू. शेजारीण म्हणायची, बस रं बाबा, हलू नको. पाहुणे यायचे, तू उठायचास, की बस बस. तू बसलास की सगळ्यांना बरं वाटायचं. आणि बसलेल्याच्या हातात काहीतरी ठेवायची सगळ्यांना हौस. वस्तीत बारसं झालं की वाटीभर शिरा आधी तुला. कुणाचं लग्न झालं की बुंदी. वाण्याच्या दारातून जिलबी, भजीवाल्याकडून चुरा. बिचारा म्हणायचं आणि द्यायचं. तू नाही म्हणायला कधी शिकलाच नव्हतास, दहा वर्षांत दिलेलं ओझं तेवढं घ्यायला शिकलेलास.

पहिल्या वर्षी शर्टाची बटणं लागेनात. आई खूश, अंग धरलं पोरानं. पाहुणे म्हणायचे, धोंडिबा आता मालकावानी दिसतो. दुसऱ्या वर्षी आडावरून एक कळशी आणताना तुला वाटेत दोनदा टेकावं लागलं. पोतं ढकलत चढ चढणारा तू. मी म्हटलं, वखारीची धूळ आता बाहेर पडत्येय. तिसऱ्या वर्षी पाय सुजायला लागले. अंगठा दाबला की खळगा राहायचा. तुला तो खेळ वाटायचा, स्वतःच दाबून बघायचास. ओठ जांभळट दिसायचे. आई म्हणायची जांभळं खाल्लीस काय रं.

शाळेतले निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर रोज संध्याकाळी आपल्या दारावरून फिरायला जायचे. त्यांना आधी दिसलं. एकदा थांबले आणि मला म्हणाले, ‘सुमन, ह्याला उठीव. चालता माणूस असा बसवून ठेवू नये, छाती बसती त्याची.’ रोज शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारून आणतो म्हणाले, हात धरून. मी त्यांना काय बोलले ते तू ऐकलंस. व्यायाम हे भरल्या पोटाचं खूळ आहे, मास्तर, आमच्या माणसानं दहा वर्षं ओझी वाहिलीत, आता त्याला बसायचा हक्क आहे. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, माझ्या कवायतीला येणारी निम्मी पोरं उपाशी असायची गं. आणि गेले. तू पायरीवर उठून उभा राहिला होतास, दोन पावलं त्यांच्या मागं टाकलीस, अनवाणी. मी म्हटलं, बस आण्णा.

हा वाद मास्तरांशी मला पुरा करायचा होता. अजून चार मुद्दे माझ्याकडं होते.

बेळगावला मोठ्या दवाखान्यात तुला पहिल्यांदा नेलं तेव्हा तीन तास रांगेत. शिपाई कानडीत ओरडत होता, कूत्को, कूत्को, म्हणजे बस, बस. तू बसलेलाच होतास. आतल्या डॉक्टरनं तुझ्या तोंडाकडं बघितलं आणि कागद पुरा भरायच्या आत मला सांगितलं, अशी माणसं फार जगत नाहीत, दगदग देऊ नका, बसवून ठेवा. गळ्यातली नळी त्याच्या गळ्यातच राहिली. केसपेपरवर तुझ्या मेंदूबद्दल इंग्रजीत दोन ओळी, छातीबद्दल अक्षर नाही. डोकं कमी म्हटलं की माणूस मानेपाशी संपला. खाली काळीज आहे, ते तुमच्याआमच्यासारखंच रक्त ढकलतंय, ते थकतंय, त्याला बसवून मारता येतं, हे बघायची कुणाला गरज वाटली नाही. मी चिडले, आणि माझी चीड खरी होती. दवाखान्याच्या दारात पत्रक वाटलं त्याविरुद्ध. ते वाटायला दोन दिवस बेळगावात राहिले. तू दोन्ही दिवस दवाखान्याच्या पायरीवर.

दुसऱ्या वेळी, वर्षभरानं, तिथं एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला बाजूला केलं आणि तुला विचारलं, नाव काय तुमचं. तुमचं, म्हणाल्या. तू ‘लॉरी’ म्हणालास. त्या हसल्या, पण तशा नाही. तुझ्या दंडाला पट्टा बांधला, तो तोकडा पडला, मोठा मागवला. नळी छातीवर ठेवून कितीतरी वेळ ऐकलं. पुढून, पाठीमागून. तू श्वास रोखून बसलास, कुणीतरी आपलं इंजिन ऐकतंय म्हणून. मग त्या मला म्हणाल्या की रक्तदाब बराच वाढलाय, हृदयावर ताण आहे, गोड आणि तळलेलं बंद करा, गोळ्या देते. ‘आणि चालवा ह्यांना. हळूहळू, पण रोज. पूर्वी काही काम करायचे का?’

मी सांगितलं. हातगाडी, चढ, आठ-दहा खेपा, दहा वर्षं.

त्यांनी पेन थांबवलं. ‘मग बंद का झालं?’

पत्रकात मी कुणाला सोडलं नाही, आण्णा. मालकाला नाही, मामलेदाराला नाही. त्या बाईंच्या टेबलासमोर माझी जीभ एका क्षणात वळली. मी म्हटलं, ‘दम लागायला लागला म्हणून सोडलं.’

आणि तू बोललास. तीनच शब्द, तुझ्या त्या घोगऱ्या, चघळलेल्या बोलीत, जी घराबाहेर कुणाला कळत नाही. माझ्याकडं बोट केलंस, मग तुझ्या पायांकडं. बाईंनी पुढं वाकून मला विचारलं, काय म्हणतायत ते.

मी म्हटलं, ‘काही नाही. तहान लागलीय त्याला.’

त्यांनी स्वतः उठून माठातलं पाणी दिलं. तू माझ्याकडं बघितलंस. मग पेला घेतलास आणि सगळं पाणी प्यायलास, कारण मी सांगितलं होतं की तुला तहान लागलीय.

परत येताना बसमध्ये तू खिडकीला कपाळ लावून झोपलास. मी केसपेपर हातात धरून बसले. त्यावर बाईंनी माझं खोटं स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं.

मग मी तुला चालवायला काढलं. चपला माळ्यावरून काढायच्या म्हणजे त्या इतकी वर्षं कुठं होत्या ते कबूल करायचं, म्हणून बाजारातून निळ्या पट्ट्यांच्या रबरी स्लिपर आणल्या. तू त्यांच्याकडं बघून म्हणालास, ‘ह्या न्हाईत.’ घातल्यास मात्र. रस्त्याला लागलो. वळणापर्यंत आलास आणि थांबलास.

‘गाडी?’

‘गाडी न्हाय आण्णा. नुसतं चालायचं.’

‘कुठं?’

माणूस कुठं जायचं नसताना का चालेल? मैदानावर फेऱ्या मारणारे लोक तू बघितले नव्हतेस. मास्तरांना सांगावं असं मनात आलं, ते रोजच्यासारखे दारावरून जातच होते. मी दार लोटून घेतलं. आठ दिवस तुला ओढत वळणापर्यंत नेलं आणि ओढत आणलं. गोळ्या आई द्यायची, शिराही आईच द्यायची. मग मोर्चा निघाला बेळगावच्या कचेरीवर. तयारीला एक दिवस जाते म्हणून गेले, दहा दिवस राहिले.

दहाव्या दुपारी तू गेलास. पायरीवर, मांडीवर कुणाच्या तरी लग्नातल्या बुंदीचा द्रोण. मला निरोप मिळाला तेव्हा मी ‘माणसासारखं जगू द्या’ असं लिहिलेले कागद वाटत होते. येईपर्यंत संध्याकाळ झाली. तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं. आई म्हणाली, ‘बसल्या जागी गेला गं. कुणाला तरास न्हाय.’ बायका म्हणाल्या, किती चांगलं मरण, बसल्या जागी. जी येईल ती तेच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बसल्या जागी नाही, बसवल्या जागी. तीस वर्षांचा होता तो.

मुनीम आला होता. टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिला, आत आला नाही. तुला बाहेर काढलं तेव्हा तुझ्या खांद्याला हात लावला, मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, ‘पोरी, आमी फुकट राबीवलं ते खरंच हाय. पर चालता तरी हुता गं.’ मला दहा उत्तरं येत होती. तुम्ही त्याला बैलासारखं थोपटलंत. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत. हे सगळं अजून खरं आहे आणि रविवारी मी ते परत म्हणेन. पण तो जे म्हणाला तेही खरं आहे. दोन्ही खऱ्यांच्या मधे तू गेलास.

आता मला पायऱ्यांवर बसलेली माणसंच दिसतात. मोर्चाच्या प्रचाराला खानापूरकडच्या एका गावात गेले होते तेव्हा एका दारात तिशीची बाई बसलेली बघितली होती. हातात लाडू, ओठ तुझ्यासारखे. तिची आई अभिमानानं सांगत होती, हिला आम्ही इकडची काडी तिकडं करू देत नाही. मी त्या माऊलीचं कौतुक केलं. कौतुक करून, पत्रक देऊन पुढं गेले. परत जाऊन तिला काय सांगू? सांगितलं तर कोण ऐकेल? डॉक्टर बसवा म्हणतात, आई बसवते, गाव खायला घालतं, आणि आमच्यासारखे त्याला हक्क म्हणतात. कुणाविरुद्ध मोर्चा काढायचा ते सांग. माझ्या सगळ्या घोषणांत पुढं एक शत्रू लागतो, आणि इथं बघावं तिकडं प्रेमाची माणसंच उभी आहेत.

चपला समोर ठेवल्यात. तारेची गाठ अजून घट्ट आहे. तुझ्याबरोबर द्यायला पाहिजे होत्या, तेव्हा सुचलं नाही. तुला वखारीवरूनच नेलं, पायात स्लिपरही नव्हत्या, अनवाणीच गेलास. बाबांचा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मोडला, आणि तोही तू मोडला नाहीस.

ऑफिसचा मथळा मी खोडलाय. ते चिडतील, पत्रक छापणार नाहीत कदाचित. न छापलं तर हातानं लिहून काढीन आणि पहिली प्रत बेळगावला त्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवीन, त्या अजून तिथं असतील तर. यात मागणी नाही. मागायला काही उरलेलं नाही. एक दुरुस्ती आहे तेवढी, त्यांच्या केसपेपरवरच्या एका ओळीची.

डॉक्टरबाई, त्या दिवशी माझ्या भावाला तहान लागली नव्हती. तुम्ही विचारलं होतं, बंद का झालं, आणि त्यानं तुम्हाला बरोबर उत्तर दिलं होतं. तो म्हणाला होता, ‘सुमीनं चपला ठेवल्या.’